शेजारचा पाय

आईला सायकल आली ती सकाळी आठ पंचेचाळीसला. वेळ इतकी नेमकी ठाऊक असायचं कारण एवढंच की त्याच मिनिटाला माझ्या पडद्यावर एका झोपलेल्या बाईच्या दोन्ही पायांच्या पहिल्या लाटा उमटल्या, आणि पहिल्या लाटांवर वेळ आपोआप छापली जाते. एका कानाला फोन होता, दुसऱ्या कानात शस्त्रक्रियेच्या खोलीतले आवाज. "अगं, मी वळले," आई म्हणाली. मी विचारलं, कुठे वळलीस? "कुठे म्हणजे? सायकलवर. मैदानाला अख्खा गोल मारला, पाय खाली न टेकता." आईचं वय एकोणसत्तर. तीन आठवडे ती माझ्यापासून हे लपवून होती, कारण मी पडले मज्जातंतूंची डॉक्टर, मी लगेच माकडहाड, खुबा, मनगट अशी यादी वाचायला घेतली असती, आणि यादी ऐकून कुणाला तोल सांभाळता येत नाही असं तिचं म्हणणं. मधे दोनदा आपटली तेही त्याच दमात सांगून मोकळी झाली. "गुडघा सोलला, बाकावरचे दोघे हसले, मग मीही हसले. घरी येऊन सगळ्यांना मीच सांगितलं. आपण सांगितलं की विषय संपतो बघ. लपवला की घरभर फिरत बसतो." आणि हे तीन आठवडे लपवून ठेवणारी बाई मला सांगत होती. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पडद्यावरच्या लाटा पाण्यातून पाहिल्यासारख्या दिसल्या. छान होत्या लाटा. उंच, टोकदार, दोन्ही बाजूंना सारख्या. कामाला लागते म्हणून मी फोन ठेवला, पण तो ठेवल्यावरही बराच वेळ माझं तोंड हसरंच राहिलं असावं, कारण पडद्याखालच्या काळ्या पट्टीत मला माझेच दात दिसत होते.

मी काय करते हे लोकांना सांगायचं म्हणजे पंचाईत असते. पाय बघते, असं मी सांगते. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. एक टेबल, तीन पडदे, एक खुर्ची जिच्या उजव्या हाताचं रेक्झिन मी विचार करता करता सोलून काढलं आहे, आणि जिन्यातून वर येणारा ताज्या पावाचा वास. इथून दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब एका इस्पितळात एक माणूस पालथा झोपवलेला असतो, त्याची पाठ उघडलेली असते, आणि सर्जन त्याच्या मज्जारज्जूपासून दोन मिलिमीटरवर हत्यार चालवत असतात. भूल दिलेल्या माणसाला, काय हो, पाय शाबूत आहे ना, असं विचारता येत नाही. म्हणून त्याच्या पायांत, हातांत आणि डोक्याच्या कातडीत बारीक सुया टोचतात. घोट्याशी इवलासा झटका दिला की तो मणक्यातून चढत मेंदूपर्यंत पोचतो, आणि डोक्याशी दिला की उतरत अंगठ्यापर्यंत. पोचला की लाट उमटते. ती लाट इंटरनेटच्या जाळ्यातून माझ्या टेबलावर येते. वाट मोकळी आहे तोवर मी गप्प. लाट पडली की बोलायचं. हजारो माणसांचे पाय मी असे जवळून ओळखते आणि त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. रस्त्यावर कुणी लगबगीने चालताना दिसलं की मला उगाचच वाटतं, हा आपला असेल.

तिकडे त्या खोलीत माझे डोळे नि हात म्हणजे बोलके. हे त्यांचं टोपणनाव. निवृत्तीला आलेले हे टेक्निशियन आठवड्यात दोन वाक्यं बोलतात, म्हणून इस्पितळात कुणीतरी ते ठेवलं आणि चिकटलं. सहा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. ते टाइप करतात, मी टाइप करते, आवाज मी फारसा ऐकलेला नाही. कागदावर पेशंटचा फक्त नंबर असतो, पण रोज सकाळी भूल द्यायच्या आधी बोलके पेशंटला एकच प्रश्न विचारतात, पायाने काय काय करता, आणि उत्तर मला एका ओळीत पाठवतात. पोहायला शिकवतो. नातीला झोका देते. काही नाही, घरातल्या घरात चालतो. आजची ओळ होती: बस चालवते, बारा वर्षं. ही ओळ आली की नंबराला पाय फुटतात.

दहा वाजून वीस मिनिटांनी डाव्या पायाची लाट पडली. हळूहळू खचली वगैरे नाही. एका तपासणीत होती, पुढच्या तपासणीत नव्हती. खालची, अंगठ्याची, सपाट. वरची, मेंदूकडची, निम्मी. सर्जननी नुकतीच स्क्रूची एक जोडी बसवली होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे सर्जन काम करताना गुणगुणतात, आणि त्या गुणगुणण्यावरून मला कळतं की हात कसा चाललाय. मी माइकचं बटण दाबलं. "सर, डावा पाय. अंगठ्याची लाट गेली." गुणगुणणं थांबलं. "नक्की?" "नक्की." "भूल बदलली का कुणी?" भूलतज्ज्ञ बाईंनी नाही म्हणून सांगितलं. मग जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं, आणि नीट केलं. रक्तदाब वर आणला. जखमेत कोमट पाणी घातलं. डावा स्क्रू काढला. भोकातून सळई फिरवून चारही भिंती चाचपल्या. बोलकेंनी पुन्हा तपासणी चालवली. डावा पाय सपाट. उजवा, शेजारच्या चौकटीत, आपला टेचात उभा.

लाट पडली की नेहमी माझं सगळं शरीर डोळ्यांत येऊन बसतं. पावाचा वास जातो, खुर्ची जाते, खालच्या रस्त्यावरचा आवाज जातो. सर्जन म्हणाले, "भिंती शाबूत आहेत, मॅडम. मला इथे काही दिसत नाही." मग जरा थांबून, "तिथून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं." मला राग आला नाही. गेल्या वर्षी मी त्यांना एकदा चाळीस मिनिटं थांबवलं होतं आणि शेवटी निघालं काय, तर सलाइनचा स्टँड वायरीवर टेकलेला. माणूस ते विसरत नाही. मीही विसरलेले नाही. "वेळ घालवण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "रक्त साठलं असेल आत. डावीकडचं हाड कोरून आत बघतो. ड्रिल तयार करा." सिस्टरनी पाच मिनिटं मागितली.

पाच मिनिटं. लाट पडून राहते तेव्हा प्रत्येक मिनिट महाग असतं. आणि या पाच मिनिटांत मला आठवल्या त्या थोरल्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. पहिल्याच दिवशी मी कशावरून तरी हसले, बहुधा एका पेशंटने भूल चढता चढता सर्जनला शेजारी समजून त्याच्याकडे आपली कुंडी परत मागितली त्यावरून, आणि थोरल्या बाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "हसू घरी ठेवून येत जा. हसणारा माणूस या कामाचा नाही." मी तेवीस वर्षांची होते. घरात आम्ही सगळेच दात काढणारे. बाबा तर कुणाच्या समाचारालाही हसत जायचे आणि लोकांना ते बरं वाटायचं. मला वाटलं होतं स्वभाव हा चष्म्यासारखा, काढून ठेवता येईल. वर्षानुवर्षं मी सकाळी दार उघडताना तोंड सरळ करत आले. डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणजे कपाळाला आठी घालून बघणं, असं मी स्वतःला पटवलं होतं. मग इथे एकटीची खोली मिळाली आणि आठी हळूहळू विसरली गेली. पडद्याला काय, हसून बघितलं काय आणि रडून बघितलं काय. उलट मला वाटायचं की लाटांना हसरा माणूस आवडतो. कुणी बघायला नसताना मी लाटांशी बोलते. या बाईसाहेब, उशीर केलात, असं. दोन पायांच्या लाटा हातात हात घालून वर चढताना दिसल्या की मला जे होतं ते आनंद या शब्दाहून वेगळं काही नाही. थोरल्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी मला खोलीबाहेर उभं केलं असतं.

आणि हा विचार करता करताच मी सकाळच्या, आठ पंचेचाळीसच्या लाटा आताच्या शेजारी उघडल्या. का उघडल्या ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा असावा तसं. डोक्याच्या डाव्या बाजूला झटका दिला की उजव्या अंगाची लाट मोठी यायला हवी. मेंदूची डावी बाजू उजवं अंग हलवते, हे शाळेतलं पोरही सांगेल. डावीकडच्या झटक्याला उजवा हात मोठा होता. बरोबर. डावीकडच्या झटक्याला पाय मोठा होता, पण डावा. फार नाही, बोटभर. इतकं थोडं की दोन्ही सारखेच आहेत असं हसरी बाई बिनदिक्कत म्हणेल. उजवीकडच्या झटक्याला पुन्हा तेच, उलटं. हात एक सांगत होते आणि पाय दुसरंच सांगत होते, आणि सकाळपासून सांगत होते.

पायांची खात्री करून घ्यायची आमची एक रीत आहे. पेशंटला पालथं केलं, वायरी पुन्हा जोडल्या, की चादरी घालायच्या आधी बोलके डावा पाय हातात धरतात, मी डाव्या घोट्याला झटका देते, आणि त्यांच्या मुठीत अंगठा उडी मारतो. ते टाइप करतात, हलला. मग उजवा. एक मिनिटाचं काम. सहा वर्षांत त्यातून एकदाही काही निघालेलं नाही, आणि खोट होती ती इथेच. मी आजच्या सकाळचे संदेश वर ढकलत गेले आणि ते सापडलं. बोलकेंनी विचारलं होतं: चादरी घालतायत, पाय धरायचे? आणि खाली माझं उत्तर, त्याच मिनिटाचं, आई मैदानात दुसऱ्यांदा आपटत होती तेव्हाचं: राहू द्या, लाटा छान आहेत.

म्हणजे पायांच्या वायरींचे जुडगे उलटे लागले होते. उताणं असताना सुया टोचल्या, पालथं करताना जुडगे सोडवले, आणि पालथ्या माणसाची उजवी-डावी बाजू पायथ्याशी उभ्या राहणाऱ्याला क्षणभर फसवतेच. मी ज्याला डावा म्हणत होते तो उजवा होता. जो स्क्रू रुतला होता तो उजवीकडचा होता, आणि तो अजून तिथेच होता, आणि सर्जन माझ्या शब्दावर डावीकडचं धडधाकट हाड कोरायला निघाले होते. ड्रिलची वायर जोडल्याचा खट्ट आवाज मी ऐकला.

माणसाचं मन किती झटपट चोर होतं. त्या क्षणी मला एक वाक्य तयार सुचलं, इस्त्री केलेलं. सर, उजवा स्क्रूही एकदा बघून घ्या. बस्स. कुणाला काही कळलं नसतं. उजवा काढला असता, लाट आली असती, मी हुशार ठरले असते. पण सर्जन विचारणार, का? डावा पाय पडला असताना मी उजवीकडे का जाऊ? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आधी डावीकडचं हाड कोरणार, कारण माझा शब्द तोच होता. कारण सांगितल्याशिवाय तो हात वळणार नव्हता. आईचा गुडघा मला आठवला, आणि बाकावरचे दोघे. मी बटण दाबलं.

"सर, ड्रिल थांबवा. माझी चूक आहे."

"सकाळी पाय धरून खात्री करायची असते, ती मी करू दिली नाही. मी फोनवर होते. पायांच्या वायरी उलट्या लागल्या आहेत असं मला दिसतंय. डावा म्हणून सांगितलेला पाय उजवा असावा. तीस सेकंद द्या, आत्ता खात्री करते." मग मी बोलकेंना हाक मारली. "बोलके, चादरीखाली हात घाला. डावा पाय धरा. मी डाव्याला झटका देते." कापडाची सळसळ ऐकू आली. मी झटका दिला. पडद्यावर काही कळत नव्हतं, कळणार सगळं त्या मुठीत होतं. पुन्हा दिला.

"हा हलत नाही, मॅडम," बोलके म्हणाले. जाडसर, किंचित घोगरा आवाज, जणू बऱ्याच दिवसांनी कपाटातून काढलेला. "शेजारचा हलतोय."

हत्यार ठेवल्याचा आवाज, दुसरं उचलल्याचा आवाज. "उजवा काढतोय," सर्जन म्हणाले. मग सळई फिरवली आणि म्हणाले, "आहे. आतली भिंत फुटली आहे." आणि आम्ही सगळे लाटेची वाट बघत बसलो. पहिल्या तपासणीला काही नाही. दुसरीला काही नाही. चौथ्या मिनिटाला सपाट रेघेवर एक शिरशिरी आली, तिला लाट म्हणणं म्हणजे कौतुक झालं असतं. सातव्या मिनिटाला एक टेंगूळ. मी नाव बदललं, चौकटीवरचा डावा खोडून उजवा लिहिला. अकराव्या मिनिटाला ती उठून बसली, अजून बुटकी, पण आपल्या आकाराची, आपल्या वेळेवर. "येतेय, सर," मी म्हणाले. "निम्मी आली." त्यांनी लांब श्वास सोडला आणि थोड्या वेळाने, जणू कुठे थांबलो होतो ते आठवून, पुन्हा गुणगुणायला लागले. बोलकेंचा संदेश आला, सहा वर्षांतला सगळ्यात लांब: डाव्या जुडग्याची लाल पट्टी सुटून पडली होती, मी अंदाजाने लावला, विचारायला हवं होतं पुन्हा, चूक माझीही. मी लिहिलं, अर्धी अर्धी. त्यांनी लिहिलं, नोंदीत दोघांची घाला. मी दोघांची घातली.

पण लाट म्हणजे पाय नव्हे. वाट मोकळी झाली म्हणजे चालणारा निघेलच असं नसतं. पुढचे तीन तास मी जागेवरून उठले नाही. बेकरीतली दुपारची भट्टी लागली, वास वर आला, आणि मला कळलं की मला भूक लागली आहे आणि मी हसत नाहीये. इतकी वर्षं मला जे सांगितलं गेलं ते खरं ठरलं म्हणायचं का? हसत होते म्हणून चुकले, यात वाद नाही. पण थोरल्या बाईंसारखी आठी घालून बसलेली मी, चूक दिसल्यावर काय केलं असतं? मला स्वतःची ती दुसरी आवृत्ती ओळखीची आहे. तिने ते इस्त्रीचं वाक्य उच्चारलं असतं, मूग गिळले असते, आणि ड्रिल चालू झालं असतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकलाय आणि तो कामाच्या वेळेत तिथेच राहणार. पण तोंड सरळ करायचं मात्र मी सोडून दिलं. हसू हवं तर असू दे, हात मात्र पायावर हवा.

पावणेतीनला पाठ शिवून झाली. बाईंना उताणं केलं, भूल उतरवायला घेतली. या वेळेला आमचं काम संपलेलं असतं, सुया काढून डब्यात जातात. बोलकेंनी विचारलं, काढू? मी लिहिलं, पायांतल्या राहू द्या. आता झटके बंद होते. दोन्ही अंगठ्यांच्या रेघा पडद्यावर आडव्या धावत होत्या, रिकाम्या. आता जे काही उमटेल ते बाईंचं स्वतःचं असणार होतं. भूलतज्ज्ञ बाईंचा आवाज आला, "ताई. ताई, डोळे उघडा. झालं ऑपरेशन." खोकला. नळी काढल्याचा आवाज. "ताई, डाव्या पायाचा अंगठा हलवा बघू." डावी रेघ गवत उगवल्यासारखी दाट झाली. "छान. आता उजवा." काही नाही. रेघ धावत होती. मी खुर्चीचं रेक्झिन सोलत होते. "उजवा, ताई. उजवा अंगठा." काही नाही. सर्जनचे बूट जवळ आल्याचं ऐकू आलं. मी बटण दाबलेलं नव्हतं तरी मोठ्याने म्हणत होते, हलवा हो, हलवा. मग रेघेवर एक ठिपका आला. दुसरा. मग एकदम सगळी रेघ काळी झाली, जाड, खालीवर, पडद्याची चौकट सोडून जाईल इतकी. "शाब्बास," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "पुरे आता, ताई. दिसलं आम्हाला." रेघ काळीच राहिली. सर्जन हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "पुरे म्हटलं ना, ताई." आता दोन्ही रेघा काळ्या झाल्या, डावी, उजवी, पुन्हा डावी, आणि मी उभी राहून बघत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडाचं काय झालं होतं ते त्या काळ्या पट्टीत दिसतच होतं.

"मॅडम," बोलकेंचा आवाज आला, "सुया काढू कशा? या पाय हलवायच्या थांबतच नाहीत."

मी बटण दाबलं आणि म्हणाले, राहू द्या थोडा वेळ.